बटण तुमच्याकडं, दिवा माझ्याकडं

जाहीर निवेदन! आमच्या गल्लीतल्या तमाम बंधुभगिनींना, गिरणीत दळण ठेवून तासभर गप्पा हाणणाऱ्या समस्त महिलावर्गाला आणि कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टॉपवरील मान्यवरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या मधल्या खोलीतला पिवळा बल्ब, जो गेली अठरा वर्षं रोज संध्याकाळी सातला न चुकता लागत होता, तो आज सव्विसाव्या दिवशीही लागलेला नाही. बल्ब उडालेला नाही. लाइट गेलेली नाही. दिवा लावणारी बाई गेलेली आहे. तरी सर्वांनी कृपया शांतता राखावी.

अक्का, हे मी खरोखर मोठ्यानं म्हटलं. मंडळाच्या हळदीकुंकवात माईक हातात आला की माझा जो आवाज लागतो ना, त्या आवाजात. अंधाऱ्या खोलीत उभी राहून, भिंतीकडं तोंड करून. म्हणून झाल्यावर थांबले. पलीकडून तुम्ही भिंतीवर थाप माराल आणि "गप गं मंगले, नाटकी कुठली!" म्हणाल, म्हणून थांबले. फ्रीजचा आवाज तेवढा येत होता, तोही माझ्याच.

त्याच्या आदल्या दिवशी प्रशांत जयसिंगपूरहून येऊन गेला. तुमच्या फोटोपुढं त्यानं लाल ज्योतीचा छोटा विजेचा दिवा लावून ठेवलाय, त्यासाठी तुमच्या बाजूचा मेन चालूच ठेवलाय. पोरगा गुणाचा आहे तुमचा. माझ्याकडं किल्ली देत म्हणाला, "काकू, एक तारखेपासनं आईची बाजू क्लासवाल्यांना देतोय. अकरावी-बारावीची पोरं येतील. जरा गजबज व्हईल, पण तुमाला सोबत बी व्हईल." मी मान डोलावली. मग दारात चप्पल घालता घालता, माझ्याकडं न बघता म्हणतो कसा, "आणि त्या मधल्या लाइटचं काय ते करून घ्या. क्लासवाले सगळे बोर्ड बदलणार हायत."

म्हणजे त्याला ठाऊक होतं! आपण दोघी इतकी वर्षं हेरखात्यातल्या बायकांसारख्या वागत होतो, आणि तुमच्या पोराला सगळं ठाऊक होतं. आता तर मला आमच्या ह्यांच्याबद्दलही शंका यायला लागलीय.

तर एक तारखेच्या आत मला ठरवायचं होतं. तुमच्या बाजूनं माझ्या छतात येणारी ती वायर तोडायची की नाही. ऐकायला केवढंसं काम! पक्कड घ्यायची आणि कट्. पण अक्का, आपल्या दोन घरांना जोडणारं दुसरं काय उरलं होतं सांगा.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. पण मला सांगायला आवडते आणि तुम्हाला ऐकायला, तेव्हा परत ऐका. मधे बोलू नका. आता तर नाहीच बोलायचं.

सासऱ्यांनी बांधलेलं साधं घर, ओळीनं पाच खोल्या. भावाभावांचं बिनसलं. कशावरून, ते आता दोघांनाही विचारायची सोय राहिली नाही. तुमचे ते सहा वर्षांपूर्वी गेले, आमचे हे चार. दोन-दोन खोल्या सरळ वाटून झाल्या आणि मधल्या पाचव्या खोलीवर घोडं अडलं. तीन पंचांनी दोन दिवस बसून आपल्याच हातचा चहा ढोसला आणि निकाल दिला, मधोमध भिंत घाला. गवंड्यानं दोरी धरली. दोरी अशी पडली की छतावरचा बल्ब वीतभर माझ्या बाजूला आला आणि त्याच्या बटणाचा बोर्ड तुमच्या भिंतीवर राहिला.

वायरिंगची वाटणी करायला तुमचा धाकटा भाऊ आला होता. दोन मीटर, दोन मेन, एका दुपारचं काम. आपल्या दोघींचे नवरे कमरेवर हात ठेवून पहारा देत होते, जणू वायरीतून सोनं वाहतंय. शेवटी तो ह्या बल्बापाशी आला आणि विचारलं, "ह्याचं बटण कुठं घेऊ?"

तुमचे म्हणाले, "बटण माझ्या भितीत हाय. ते माझं."

आमचे म्हणाले, "दिवा माझ्या छताला हाय. त्यो माझा."

"आवो, मग जोडू कसं?"

"जसं हाय तसं ऱ्हाऊ दे!" दोघं एकदम ओरडले. त्यानंतर मरेपर्यंत ते भाऊ एकमुखानं कधी बोलले नाहीत. हे तेवढं एकच वाक्य.

आमच्या ह्यांनी फर्मान काढलं, तो बल्ब आपल्या दृष्टीनं मेला. काढायचा मात्र नाही, काढला तर भाऊ म्हणेल भ्याला. आणि पलीकडं एक शब्द बोलायचा नाही. भिंत ओली होती अजून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्या अर्ध्या खोलीत बसून तांदूळ निवडत होते. खडा कुठला, तांदूळ कुठला, काही दिसत नव्हतं, आणि डोळ्यांत पाणी होतं ते वेगळंच. तेवढ्यात डोक्यावर दिवा लागला. मी वर बघितलं. दिवा विझला. परत लागला. मग लागलेलाच राहिला.

माझी थोरली जाऊ भिंतीपलीकडून मला म्हणत होती, निवड बाई नीट, नाहीतर रात्री खडा माझ्या दिराच्या दाताखाली यायचा.

हे घरी आले. "ह्यो कसा लागला?"

"लूज कनेक्शन असंल," मी म्हणाले. अक्का, त्या तीन शब्दांवर मी चौदा वर्षांचा संसार रेटला.

सातला लावायचा, साडेनऊला बंद. दोन वेळा उघडझाप म्हणजे चहा टाकलाय, ये मागच्या दारानं. तीन वेळा म्हणजे मैदान मोकळं, बाप्ये बाहेर गेले. आमचं भांडण जोरात चाललं असेल तर तुम्ही दिवा ढळढळीत विझवायच्या. अंधारात माणसाला तावातावानं भांडता येत नाही हे तुमचं ज्ञान. मी भिंतीवर लाटण्यानं एक ठोका द्यायची, म्हणजे समजलं. ते दोघं गेल्यावर लाटण्याची गरज उरली नाही. मग मी स्वयंपाकघरातून "आलो की!" म्हणून ओरडायची, आणि तुम्हाला धीर म्हणून नसायचाच. मी गॅस बंद करेपर्यंत तुमची दुसरी उघडझाप सुरू. माझी पुण्याची विहीणबाई एकदा आली होती तेव्हा माझं "आलो, आलो" ऐकून दचकून मागं बघत होती, कोण पुरुषमाणूस आला म्हणून. तिला काय माहीत, कोल्हापुरात हाकेला ओ देताना बायकासुद्धा "आलो"च म्हणतात.

हे सगळं शिकवायला तुम्हीच हव्या होत्या. तुमच्या वडिलांचं जयसिंगपुरात विजेच्या मोटारी रिवाइंडिंगचं दुकान. तुम्ही परकर-पोलक्यात असल्यापासून तांब्याची तार गुंडाळलेली. इतर बायका अंबाड्यात गजरा खोचतात, तुम्ही टेस्टर खोचायच्या. लग्नाच्या पंगतीतसुद्धा! नवरीची मावशी तुम्हाला विचारत होती, "ही कसली नवीन पिन?" आणि तुम्ही म्हणाला, "करंट बघायचं हाय. पायजे तर तुमाला लावून दावतो."

तुमचं एकच पालुपद. "पहिलं वळख, मग हात लाव." वायर म्हणजे दारात आलेलं पावणं. कुठनं आलं, कुठं निघालं, कुणाचं कोण, हे इचारल्याबिगर घरात घ्यायचं न्हाय. आणि कापडावर जाऊ नको. लाल दिसली म्हणून करंटाची आणि काळी दिसली म्हणून गरीब, असं जुन्या घरात नसतंय. मेन बंद केला तरी इश्वास ठेवू नको. टेस्टर पहिल्यांदा चालू प्लगला लावून बघ, मग वायरीला लाव, मग परत प्लगला लावून बघ. "टेस्टर बी मरतो की गं. मेल्याला इचारून काय उपेग?"

मला हे सगळं पाठ होतं. मंडळात मी तुमची नक्कल करून दाखवायची, अंबाड्यात लाटणं खोचून. सगळ्या हसायच्या, तुम्ही सगळ्यात जास्त.

पण एका गोष्टीवरून आपलं कधी जमलं नाही. त्या दिव्याचा बल्ब उडाला की तो मी बदलायचा नाही. तुम्ही स्वतः येणार. आणि येताना बटण बंद करून भागायचं नाही, तुमच्या बाजूचा अख्खा मेन बंद करून, फ्रीज बंद, पंखा बंद, तुमच्या ह्यांचं टीव्हीवरचं कुस्तीचं मैदान बंद करून, मागच्या दारानं येणार, गुडघे धरत स्टुलावर चढणार. मी म्हणायची, "अक्का, एक बल्ब बदलायला सगळं घर काळं कशाला करताय? बटण बंद करा, मी इकडं फिरवते." तुमचा चेहरा असा व्हायचा की बास. "माझ्या जित्तेपणी त्या होल्डरला तू हात लावायचा न्हाय."

का, ते कधी सांगितलं नाहीत. मी ते सासुरवास म्हणून खपवून घेतलं. थोरली जाऊ आहे, काहीतरी ताब्यात पाहिजे. माझ्या हिरव्या परकराची नवी कोरी नाडी दोरीवरून गेली तेव्हाही मी तुमच्याकडंच संशयानं बघितलं होतं. तुम्ही म्हणाला, "कावळ्यानं नेली असंल." कावळा नाडीचं काय करणार आहे, अक्का? पण असो.

आता ते सांगते जे मी मंडळात सांगत नाही.

सव्वा महिन्यापूर्वी मी फोनवर बघून एक नवीन दिवा मागवला. गोल, पांढरा, पुरणपोळीएवढा. तुम्हाला दाखवायला आणला. म्हटलं, आता पिवळ्या बल्बात मला पेपर वाचता येत नाही, डोळे गेले. हा बसवू, आणि बटण माझ्या भिंतीवर घेऊ. फोनवर व्हिडिओ आहे, माझं मीच बसवते.

तुम्ही खोका हातात घेतला, उलटा केला, वाचल्यासारखं केलं. मग म्हणाला, "बटण तुझ्याकडं गेलं तर मी सातला काय करू?"

मी ते ऐकलं नाही. म्हणजे कानांनी ऐकलं. मी आपली म्हणत राहिले, किती साधं काम आहे, लालला लाल, काळीला काळी. तुम्ही एकदम ओरडला, "त्या वायरीला हात लावायचा न्हाय म्हणून सांगितलंय न्हवं!"

आणि मी, सगळ्या गल्लीला हसवणारी मंगल, तोंडात नेहमी योग्य वेळी योग्य वाक्य असणारी बाई, म्हणाले, "अक्का, दिवा माझ्या घरात आहे. नवरे गेले, सासू-सासरे गेले. अजून किती दिवस मला तुमच्या बटणावर जगायला लावणार?"

तुम्ही खोका टेबलावर ठेवला. चहा तसाच टाकून मी उठून आले.

अकरा दिवस आपण बोललो नाही. अकरा दिवस सातला दिवा लागला आणि साडेनऊला विझला. उघडझाप नाही, चहा नाही. नुसता लागायचा आणि विझायचा, नोकरीवर असल्यासारखा. मी रोज म्हणायची, उद्या जाते. तुम्ही आधी बोलावताय का बघते.

बाराव्या दिवशी साडेनऊला दिवा विझला नाही.

मी बघितलं, अक्का. पावणेदहाला बघितलं. मला काय वाटलं माहीत आहे? मला वाटलं तुम्ही मला टोमणा मारताय. घे, पाहिजे होता ना उजेड, घे रात्रभर. मी मनात म्हटलं, जाळा. आणि पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपले.

सकाळी उन्हात तो दिवा पिवळा पिवळा जळत होता. दिवसा जळणाऱ्या बल्बाइतकं अशुभ मी काही बघितलेलं नाही. मागच्या दारानं आले तर तुम्ही बोर्डाखाली खुर्चीत बसलेल्या. गुडघ्यांमुळं अलीकडं खुर्ची तिथंच ओढून ठेवली होती ना तुम्ही. हात मांडीवर. टेस्टर अंबाड्यात.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका मोठा होता, काही करता आलं नसतं. डॉक्टरांना असं म्हणावंच लागतं. तुम्ही दिवा विझवायला बसला होता की मला दोनदा उघडझाप करायला, हे मला कोण सांगणार? आणि मी बोलावण्याची वाट बघत होते. इतका वेळ जळणारा दिवा म्हणजे बोलावणं नव्हतं तर काय होतं?

प्रशांतनं बटण बंद केलं. तेव्हापासून सव्वीस दिवस मी सातला त्या खोलीत जाऊन बसते. स्वयंपाकघरात उजेड आहे, पुढच्या खोलीत आहे, पण जाते ती तिथंच. दिवसभरात काही गमतीचं घडलं की तोंड वळतं भिंतीकडं. मुलगी रविवारी फोन करते, पण तिला किस्सा सांगायला लागले की ती म्हणते, "आई, पुढं?" तुम्ही कधी पुढं म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणायच्या, "परत सांग."

ते निवेदन म्हणून झालं, कुणी हसलं नाही, तेव्हा उठले आणि वायरमन हसनभाईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आले.

तुम्हाला ते पसंत होते, कारण कुठल्याही बोर्डाला हात लावण्याआधी ते दोन मिनिटं नुसते बघत उभे राहतात. चश्म्याची काडी अजून दोऱ्यानंच बांधलीय. मी त्यांना नवा दिवा दाखवला, म्हटलं एवढा बसवून द्या. बाकी काही बोलले नाही. माझा हिशोब साधा होता, बटण पलीकडं बंद आहे, म्हणजे वायरीत काही नाही. ते जोडतील, मग कसं ते बघू.

हसनभाईंनी टेस्टर काढला, स्वयंपाकघरातल्या प्लगला लावला. लागला. माझा मेन बंद केला. परत प्लगला लावला. विझला. मला एकदम तुमची आठवण आली, म्हणून मी पदर तोंडाला लावला. ते स्टुलावर चढले, बल्ब काढला, होल्डरला टेस्टर लावला.

टेस्टर पेटला.

"ताई, मेन बंद केलाय न्हवं?"

"तुमीच केलासा की."

"इन्व्हर्टर हाय?"

"न्हाय."

"वर सोलर-बिलर?"

"न्हाय ओ."

हसनभाई स्टुलावरून असे उतरले, जणू छतानं त्यांच्यावर बंदूक रोखलीय. स्टुलावर बसले, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "आता खरं सांगा ताई. ह्यो करंट कुणाच्या घरचा?"

अठरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. बल्ब, बोर्ड, दोन भाऊ, उघडझाप, सगळं. रंगवून सांगायची सवय, पण या वेळी नुसतं सांगितलं. हसनभाई हसतील वाटलं होतं. ते म्हणाले, "पण बटण बंद हाय म्हणताय. मग हितं करंट यायचं कारन न्हाय. चला, बघू."

तुमच्या बाजूला आम्ही किल्लीनं आत गेलो. फोटोपुढं लाल ज्योत होती. खुर्ची अजून बोर्डाखालीच आहे. बाकीची बटणं धुळीनं मळलेली आणि ते एक बोटानं झिजून गुळगुळीत झालेलं. हसनभाईंनी तुमचा मेन बंद केला, प्लग बघितला, मग बोर्डाचे स्क्रू सोडले आणि झाकण हातात घेऊन आत बघत उभे राहिले. त्यांची नेहमीची दोन मिनिटं.

"ही चिंधी कुणी बांधलीय?"

मी वाकून बघितलं. आत एका काळ्या वायरीला हिरवी नाडी बांधली होती. माझी! दोन गाठी, वर कात्रीनं नीट कापलेली. एका परपुरुषासमोर मी काय सांगणार? म्हटलं, "असंल कसली तरी दोरी."

"ज्यानं बांधली त्यो जाणता हुता," हसनभाई म्हणाले. मग त्यांनी मेन परत चालू केला, एकेका वायरीला टेस्टर लावून मला दाखवलं. काळीला लावला, पेटला. लालला लावला, नाही. "बघा. ह्या घरात कुठंतरी लाल-काळं उलटं झालंय, पार तुमच्या सासऱ्यांच्या वख्ताला. भिंत घातली तवा ज्यानं जोडलं त्यानं रंग बघून लालवर बटण टाकलं. करंट तर काळीतनं सरळ तुमच्या होल्डरला चाललाय. बटण दाबलं की दिवा विझतोय, पण होल्डर जित्ताच. आणि होल्डर पितळी. तुमी बल्ब बदलाय चढला असता, बोट जरा इकडंतिकडं लागलं असतं..." त्यांनी नाडीकडं बोट दाखवलं. "बांधणाऱ्याला ठाऊक हुतं. म्हणून खूण बांधली."

मी तुमच्या खुर्चीत बसले.

म्हणजे म्हणून तुम्ही अख्खा मेन बंद करायच्या. म्हणून गुडघे धरत स्टुलावर चढायच्या. म्हणून "माझ्या जित्तेपणी" म्हणायच्या. आणि सांगितलं नाही, कारण जोडणारा तुमचा भाऊ होता. त्या दोघांना कळलं असतं तर भावाची इज्जत चव्हाट्यावर गेली असती, आणि वायर त्याच दिवशी तुटली असती.

पण अक्का, थांबा. मी तुमचे पाय धरेन असं समजू नका. मी रागावलेय. ते दोघं असताना गप्प राहिलात, ठीक. नंतरची चार वर्षं? तेव्हा कोण होतं भांडायला? हात तुमचे, टेस्टर तुमचा, जोड तरी सरळ करायचा! एक वाक्य, "मंगले, ह्यात करंट हाय." एवढं म्हणायला काय झालं होतं? मी स्टुलावर चढले असते तर? तुम्ही झोपलेल्या असताना, बाजारात गेलेल्या असताना? माझ्या डोक्यावर मरण टांगून तुम्ही रोज संध्याकाळी मला चहाला बोलावत होता की!

मग वाटतं, सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं? शहाणपणा. दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून वायर तोडली असती, बटण माझ्या भिंतीवर घेतलं असतं आणि तुम्हाला पेढा दिला असता. तुम्ही विचारलं होतंच मला, मी सातला काय करू? त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. आता माझ्याजवळही तोच प्रश्न आहे, म्हणून कळतोय.

हसनभाई पक्कड घेऊन उभे होते. "ही लाइन मारावी लागंल ताई. दोन्हीकडनं."

"नीट करून ठेवता नाही येणार?"

"येतंय की. पण एक तारखेपासनं हितं पोरं येणार. कुणीबी बटण दाबंल. तुमी तिकडं अंधारात बसशीला आणि तुमाला कळणार न्हाय कोण बोलावतंय." असं ते सहज म्हणाले. त्यांना काय माहीत.

"तोडा," मी म्हणाले.

पक्कड बसली तेव्हा काही आवाज झाला नाही. मला वाटलं होतं निदान कट् तरी होईल. दोन्ही टोकांना त्यांनी टेप गुंडाळली आणि नाडी सोडायला लागले.

"ती राहू द्या."

"आता कशाला? आता हितं काय न्हाय."

"नसू दे. वळख ऱ्हाऊ दे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग नाडी होती तशी आत सारून झाकण लावलं. क्लासवाले उघडतील तेव्हा उघडतील.

मग ते माझ्या बाजूला आले आणि माझ्या बोर्डावरून नवी वायर ओढायला लागले. या वेळी लाल ती लाल, काळी ती काळी, आणि सोबत हिरवी अर्थिंगची, जी आपल्या घरात त्या खोलीला कधी नव्हतीच. भिंतीवर, माझ्या हाताला येईल असं, नवं पांढरं बटण. मला तिथं उभं राहवेना. म्हटलं, चहा टाकते.

दूध ठेवलं, आलं किसलं. कप काढताना तीन काढले. एक परत ठेवायला हात उचलला आणि तसाच राहिला. खिडकीत उजेड उतरत होता, सात वाजायला आले असावेत. पुढं काय करायचं ते मी मनात ठरवत होते. ह्या दिव्याचं बटण आता रोज मीच दाबायचं. सातला. नाहीतर उशिरा. नाहीतर नाहीच. आता कोण विचारतंय?

मधल्या खोलीत काम संपलं असावं. कुठलाही वायरमन काम झालं की करतो ते हसनभाईंनी केलं. बटण चालू-बंद, चालू-बंद करून बघितलं, आणि मग चालू ठेवलं.

दारातून पांढरा उजेड माझ्या पायांपर्यंत आला, गेला. आला, गेला. परत आला आणि थांबला. माझ्या हातात सांडशी होती. दूध वर येत होतं. तोंड आपोआप भिंतीकडं वळलं, आणि हसनभाईंना, गल्लीला, रिक्षा स्टॉपपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडले,

"आलो की, अक्का! जरा दम धरा!"